आधी निमाड, मग फ्रान्स



दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्या घरांत दोन विषय निघतात. एक लग्नाचे मुहूर्त आणि दुसरा उन्हाळ्याची सुट्टी. दुसऱ्या विषयात हल्ली नवा सूर ऐकू येतो. तिशी-पस्तिशीतल्या जोडप्यांना झेंडा धरलेल्या गाइडमागे धावायचे नसते. भाड्याची गाडी घ्यावी, पॅरिस दोन दिवसांत आटपावे आणि मग फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून आपल्या मनाने फिरावे, असा त्यांचा बेत असतो. मुले बरोबर असतातच. आणि आता आई-बाबांनाही न्यायचे असते, ही मला यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

बेत उत्तम आहे, पण तो बहुतेक वेळा रात्री अकरा वाजता मोबाइलवर नकाशा उघडून होतो. नकाशा सांगतो, अमुक गाव ते तमुक गाव तीन तास. हे तीन तास पस्तीस वर्षांच्या, गुडघे शाबूत असलेल्या आणि वाटेत कुठेही न थांबणाऱ्या माणसाचे असतात. त्याच गाडीत साठी-सत्तरीची आई असते. दर दीड तासाने ज्यांना उतरावे लागते ते बाबा असतात. वळणे सुरू झाली की ज्याला मळमळते तो सहा वर्षांचा चिरंजीव असतो. तेव्हा गाडीतला जो सर्वांत सावकाश माणूस, त्याच्या घड्याळाने सहलीचा बेत आखावा, हेच आजच्या लेखाचे सांगणे. आणि ते घड्याळ कसे चालते हे फ्रान्सला जाऊन शोधू नका. त्यासाठी आपले निमाड आहे.

तीन दिवसांची रंगीत तालीम

नाटकाची रंगीत तालीम होते, तशी या सहलीची करा. तीच माणसे, तेच सामान आणि तोच चालक घेऊन शुक्रवारी सकाळी पोहे-जिलबी खाऊन कृष्णपुऱ्याच्या पुलावरून निघा. पहिला मुक्काम मांडू. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी घाट उतरून धामनोदवरून महेश्वर, ते जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तिसऱ्या दिवशी मंडलेश्वरवरून जाम घाट चढायचा, अहिल्याबाईंनी बांधलेल्या जाम दरवाजापाशी थांबून मागे पसरलेले निमाड पाहायचे आणि महूमार्गे घरी यायचे. एक दिवस वाढवता आला तर नर्मदाकाठी रावेरखेडीला जा. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी जिथे देह ठेवला, ती जागा इंदूरच्या किती मराठी घरांनी पाहिली असेल, हा प्रश्नच आहे.

तुम्ही म्हणाल, मांडू-महेश्वर तर दहादा झाले. झाले असेल, पण बहुधा एका दिवसात. पहाटे निघायचे, जहाज महल, रूपमती, धावत महेश्वरचा घाट, साडी खरेदी आणि रात्री बाराला घरी. या वेळी उलटे करा. मांडूत दुपारी जेवून झोपा. संध्याकाळी जाड बुंध्याच्या त्या खुरासानी चिंचेखाली मुलांना बसू द्या. महेश्वरला सकाळी सहाला घाटावर जा, नंतर मागांवर साडी कशी विणतात ते तासभर पाहा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा संस्था उभी केली आणि मागे पडत चाललेल्या या विणकामाला पुन्हा बळ मिळाले. ते हातमाग पाहायला घाई चालत नाही.

या तीन दिवसांत एक वही जवळ ठेवा आणि पाच गोष्टी टिपा. गाडी किती वेळाने थांबवावी लागली? नकाशाने सांगितलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यांत किती फरक पडला? (माझा अंदाज, दीडपट.) पाच माणसांचे सामान डिकीत मावले का, की आजीच्या मांडीवर पिशवी आली? रस्ता सांगणारा आणि गाडी चालवणारा यांचे किती वेळा वाजले? आणि संध्याकाळी पाचनंतर चालकाच्या डोळ्यांची काय अवस्था होती? पाचवी नोंद सगळ्यात महत्त्वाची. परक्या देशात, उजव्या बाजूने गाडी चालवताना थकलेला एकटा चालक हा सगळ्या कुटुंबाचा धोका असतो. घरात दोघांना चालवता येत असेल तर दोघांनीही तालमीत चालवा. फ्रान्समध्ये दुसऱ्या चालकाचे नाव भाडेकरारात आधीच घालावे लागते, त्याचे बहुधा थोडे जादा पैसे पडतात. ते द्या.

आणखी एक. "मला काय, तुम्ही न्याल तिथे येईन," असे आई म्हणाली, तर ते उत्तर समजू नका. आपल्या पिढीच्या आयांना स्वतःची अडचण सांगायची सवयच नसते. सरळ विचारा: "आई, किती वेळ बसल्यावर गुडघा आखडतो? कमोडशिवाय चालेल का? रात्री औषधाला गरम जेवण लागते का?" बाबांनाही विचारा. ज्यांनी स्कूटरवर पुढे एक आणि मागे दोन बसवून तुम्हाला पाताळपाणी दाखवले, त्यांना आज मागच्या सीटवर गप्प बसून जावे लागू नये. घराघरांत अशी वर्षे मोजकीच असतात, जेव्हा आई-बाबांना लांबचा प्रवास झेपतो आणि मुलांच्या हातात थोडे पैसे असतात. ती सहल दमछाक होऊन वाया जायला नको.

इंदूरकरांचा फ्रान्स

आता फ्रान्स. एवढ्या मोठ्या देशात जायचे कुठे? अनेकांच्या यादीत नॉर्मंडी, प्रोव्हान्स, लुआर, आल्प्स असे सगळे असते. दहा रात्रींत दोनच ठिकाणे निवडा. मी इंदूरकरांना बर्गंडी आणि साव्हॉय सुचवेन, कारण तिथे बोलायला आपल्या घरच्या गोष्टी आहेत.

सुरुवात पॅरिसच्या दोन रात्रींनी, गाडीशिवाय. शहरात मेट्रो आहे, गाडी म्हणजे डोक्याला ताप. त्यातला अर्धा दिवस सां-जेर्मां-आं-ले या उपनगराला द्या, लोकलने जाता येते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमध्ये कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव यांची स्मारके आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या शिवाजीरावांचे चिरंजीव तुकोजीराव तिसरे. १९२६ साली त्यांना गादी सोडावी लागली, पुढे ते फ्रान्समध्ये राहिले आणि १९७८ साली पॅरिसमध्ये वारले. सां-जेर्मांमधला एन्मों नावाचा वाडा त्यांचा होता. आज त्याच्या आवारात मोठी आंतरराष्ट्रीय शाळा आहे. शाळा असल्याने आत सहज जाता येत नाही, पण मुलांना बाहेरून दाखवून सांगता येते की कान्ह नदीकाठचा राजा इथे येऊन राहिला होता. त्यांच्या मुलाने, यशवंतराव दुसऱ्यांनी, एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून इंदुरात माणिकबाग बांधून घेतली आणि तिच्यासाठी पॅरिसच्या कलावंतांकडून फर्निचर आणवले. त्या फर्निचरचे प्रदर्शन २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयात भरले होते. आपण माणिकबागेच्या रस्त्याने रोज जातो आणि मान वळवत नाही.

पॅरिसहून आगगाडीने दिजोंला जा, वेगवान गाडीला पावणेदोन तासही लागत नाहीत. भाड्याची मोटार तिथे घ्या. विमानतळावर उतरून, रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी, पॅरिसच्या रिंगरोडवर पहिल्यांदा उजवीकडून गाडी चालवण्याचे धाडस कुणी करू नये. दोन रात्री झोप झालेली असावी, दिवसाउजेडी, लहान शहरातून सुरुवात व्हावी.

दिजोंपासून बोन हे गाव चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. त्याच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात चार रात्री राहा. बोनमध्ये १४४३ साली गरिबांसाठी बांधलेले धर्मार्थ रुग्णालय आहे. त्याचे रंगीत कौलांचे छप्पर आणि रोग्यांच्या खाटांचा लांबलचक दालन-विभाग आजी-आजोबाही रमून पाहतील. बोनचा मोठा बाजार शनिवारी भरतो, तो दिवस मुक्कामात येईल असे पाहा. एक दिवस फ्लाविन्यी गावाला द्या. तिथे जुन्या मठाच्या इमारतीत बडीशेपेच्या दाण्यावर साखरेचे पूट चढवून गोळ्या बनवतात. आपल्या जेवणानंतरच्या बडीशेपगोळीची ही फ्रेंच मावशी! आणि दिजों म्हणजे मोहरी. आपण फोडणीला टाकतो, ते वाटून चटणी करतात. जिथे वाइन हा मुख्य विषय आहे, तिथेही न पिणाऱ्या घराला बोलायला पुष्कळ आहे.

तिथून शांबेरी. अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आणि सगळ्या सहलीतला हा एकच लांबचा दिवस. शांबेरीच्या चौकात चार हत्तींचे कारंजे आहे. हत्तींचे फक्त पुढचे अर्धे अंग आहे, त्यामुळे गावकरी त्यांना गमतीने 'बिनबुडाचे चौघे' म्हणतात. नातवंडे हे जन्मात विसरणार नाहीत. १८३८ सालचे हे स्मारक आहे बन्वा द ब्वान्य याचे, म्हणजे महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा आपला डी बॉइन. १७५१ साली तो याच गावात जन्मला. १७९३ साली लाखेरीच्या लढाईत त्याने होळकरांच्या पलटणी मोडल्या, आणि त्या पलटणी तयार केल्या होत्या दुद्रनेक नावाच्या दुसऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याने. म्हणजे शिंदे-होळकरांचे भांडण आणि दोन्हीकडे फ्रेंच शिक्षक! ग्वाल्हेरचा जावई आणि इंदूरची सून अशा घराने तर या चौकात फोटो काढायलाच हवा. शांबेरीत तीन रात्री राहा. जवळच बुर्जे तलाव आहे, पन्नासेक किलोमीटरवर कालव्यांचे आनसी गाव आहे. मग गाडी शांबेरीतच परत करा, आगगाडीने पॅरिस, एक रात्र आणि विमान. एका शहरात गाडी घेऊन दुसऱ्यात सोडली तर जादा आकार लागू शकतो. बुकिंग करतानाच विचारून घ्या.

कागद आणि काउंटर

व्हिसा शेंगेन. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून सुट्टी मे महिन्यात असेल तर फेब्रुवारीतच कामाला लागा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी निम्मे, त्याहून लहानांना माफ. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवाच. आई-बाबांचा रक्तदाब, साखर विमा काढताना लपवू नका. बोटांच्या ठशांसाठी व्हिसा केंद्रावर जावे लागेल, तो प्रवास आणि खर्चही हिशेबात धरा.

गाडी चालवायला आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना न्या. तो आपल्याच आरटीओतून मिळतो, सरकारी शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स बरोबर नसेल तर नुसत्या परवान्याचा उपयोग नाही. गाडीच्या काउंटरवर बहुतेक ठिकाणी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात, त्यावर मोठी अनामत अडकवून ठेवतात. बायकोचे कार्ड आणि नवऱ्याचे लायसन्स, असे चालत नाही. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधी सांगा, कारण तिकडे गिअरच्या गाड्या पुष्कळ, आणि गिअर उजव्या हाताला येतो. पाच माणसे असतील तर मोठ्या डिकीची गाडी घ्या. निमाडच्या वहीत उत्तर लिहिलेले असेलच.

रस्त्यावरची शिस्त

गावाच्या नावाची लाल काठाची पाटी दिसली की वेग ५०. वेगळा आकडा लिहिलेला नसतो, पाटी हाच नियम. तीच पाटी तिरकी रेघ मारून दिसली की गाव संपले. गावाबाहेरच्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर साधारण ८०, काही जिल्ह्यांत ९०. महामार्गावर १३०, पावसात ११०. कॅमेरे खूप आहेत आणि दंड भाडेकंपनीमार्फत इंदूरपर्यंत पोचतो.

सगळ्यात गोंधळ उडवणारा नियम उजवीकडचा. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग ती गल्ली कितीही लहान असो. गोलचक्रात मात्र आधीपासून फिरणाऱ्याचा हक्क. दहा वर्षांखालील मूल पुढे बसत नाही, लहानग्यांना योग्य मापाची सीट लागते, ती गाडीबरोबरच मागवा. फोन हातात नको, कानात इअरफोनही नको. आणि हॉर्न? तो फक्त धोक्याच्या वेळी. इंदुरात आपण जेवढा एका सिग्नलला वाजवतो, तेवढा तिथे वर्षभर पुरेल.

पेट्रोलपंपावर 'गाझोल' म्हणजे डिझेल. नावाला भुलून त्यालाच गॅसोलीन समजू नका. रविवारी आणि रात्री पंपांवर बहुधा माणूस नसतो, चिपचे कार्ड आणि पिन लागते. अडचण आली तर ११२ हा नंबर सगळ्या युरोपभर चालतो.

शिदोरी

खेड्यात दुपारची जेवणे साधारण बारा ते दोन. अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर दुकानेही बंद. म्हणून हॉटेलपेक्षा 'जीत' म्हणजे स्वयंपाकघरासह भाड्याचे घर बरे. सकाळी पोळी-भाजी डब्यात, दुपारी नदीकाठी जेवण, रात्री वरणभात. आईला हेच सगळ्यात आवडेल, फक्त सगळा स्वयंपाक तिच्या गळ्यात घालू नका, पाळ्या लावा. चूल बहुधा इंडक्शनची किंवा विजेची असते. घरच्या कुकरच्या बुडाला लोहचुंबक चिकटत नसेल तर तो इंडक्शनवर चालणार नाही.

सामान भरताना एक नियम पक्का लक्षात ठेवा. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, मावाबाटी, दुधाची पावडर सगळे घरीच. ताजा कढीपत्ता आणि भाज्याही नाहीत. शेव, मेतकूट, चिवडा, डाळ, मसाले खुशाल न्या. हॉटेलात शाकाहारी सांगताना 'सां व्हियांद, सां प्वासों' असे स्पष्ट म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नको. नाहीतर हिरव्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात. कडक शाकाहारींनी हेही जाणावे की तिकडच्या पारंपरिक चीझमध्ये बरेचदा जनावरांचे विरजण असते. दुकानात शिरताना आधी 'बोंज्यूर' म्हणा, मग काम सांगा. न म्हणणारा तिथे उद्धट ठरतो.

मग निघायचे कधी?

फ्रान्ससाठी मे-जून चांगले. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी आजी-आजोबांना निवांत झोपू देऊनही संध्याकाळ उरते. मेमध्ये तिकडे सार्वजनिक सुट्ट्या बऱ्याच, त्या दिवशी दुकाने बंद. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच कुटुंबेच सुट्टीवर निघतात आणि शनिवारी महामार्ग तुंबतात, ते टाळा.

तालमीसाठी मात्र थंडी उत्तम, म्हणजे आत्ताच. या रविवारी दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांना एकत्र बसवा. प्रत्येकाने, अगदी सहा वर्षांच्याने आणि सत्तरीतल्यानेही, सहलीत हवीच अशी एक गोष्ट कागदावर लिहायची. एकच. पाच माणसे, पाच गोष्टी, आणि बेत त्यांच्याभोवती. उरलेल्या जागा नकाशावरून खुशाल खोडा. मग महेश्वरच्या दोन खोल्या फोन करून ठरवा आणि फ्रान्सची तिकिटे त्यानंतर काढा. तालमीत असे दिसले की आईला गाडीचा प्रवास खरेच झेपत नाही, तर तेही पैसे भरण्याआधी कळलेले बरे. मग एकच गाव धरून, आगगाडीने जाऊन, आठ दिवस तिथेच राहता येते. तीही फ्रान्सचीच सहल.

निमाडहून आलात की वहीतल्या नोंदी या सदराला जरूर कळवा. कुणाची गाडी दर किती मिनिटांनी थांबली, हे वाचायला सगळ्यांनाच आवडेल, आणि पुढच्या घरांच्या कामी येईल.